परदेशात नोकरी, गावाकडं शेती : आयकराचा रहिवास कसा ठरतो आणि रिटर्न कुणी, कसं भरायचं

नांदेड, परभणी, बीडकडचा माणूस दुबईला किंवा रियाधला कामाला लागला की दोन-तीन महिन्यांत घरी पैसे यायला लागतात. पहिल्या सुट्टीत गावी आला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो : “तिकडं टॅक्सच नाही, मग इकडं रिटर्न कशाला?” त्याला ठाम ‘नको’ म्हणणारे दहा जण भेटतात आणि ठाम ‘भरावंच लागतं’ म्हणणारेही दहा. दोघंही अर्धवट सांगतात.

परदेशातल्या पगारावर भारतात कर लागतो की नाही, हे व्हिसा, इकामा (सौदीचा राहण्याचा परवाना) किंवा वर्क परमिट बघून ठरत नाही. ते भारतात काढलेल्या दिवसांवरून ठरतं, आणि दर आर्थिक वर्षी नव्याने ठरतं. बाकी सगळं त्यानंतर. माझा अनुभव असा की आपल्या भागातले लोक पगारावरून क्वचितच अडकतात. अडकवतात ती लग्नासाठी वाढवलेली सुट्टी, बायकोच्या नावची एफडी, भाड्याने दिलेला फ्लॅट आणि सातबारा. म्हणून या लेखात पगाराला कमी आणि या चार गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

कायद्याबद्दल एवढं लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही जुनी जोडी जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला. पण २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्यानेच भरायचं आहे. रहिवासाचे नियम दोन्ही कायद्यांत कलम ६ मध्येच आहेत आणि गाभा तोच आहे. खालचे आकडे २०२५-२६ चे आहेत.

आधी पासपोर्ट उघडा आणि दिवस मोजा

वही घ्या, पानावर १ एप्रिल ते ३१ मार्च असं वर्ष आखा आणि भारतातल्या इमिग्रेशनचे शिक्के तारखेनुसार उतरवा. आल्याचा दिवस धरा आणि गेल्याचाही धरा. येण्याचा दिवस सोडून द्यावा असे काही निवाडे आहेत, पण त्यांच्या भरवशावर काठावरचं गणित करू नये.

तारीख कोणती धरायची? गावातून निघाल्याची नाही, इमिग्रेशनच्या शिक्क्याची. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने निघालात, दुसऱ्या दिवशी मुंबईत पाहुण्यांकडे थांबलात आणि विमान पहाटे तीनचं असेल, तर शिक्का रात्री बाराच्या आधी बसला की नंतर, यावर एक दिवस इकडचा तिकडे होतो. हैदराबादहून जाणाऱ्यांचंही तेच. आता काही विमानतळांवर नोंदणी केलेल्यांना ई-गेटमधून जाता येतं, आणि दुबईत तर स्मार्ट गेटमुळे पासपोर्टवर काही उमटतच नाही. त्यामुळे बोर्डिंग पास आणि तिकिटाची पीडीएफ जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवली तरी चालेल.

आता त्या वर्षाचे एकूण दिवस काढा. त्याच्या आधीच्या चार वर्षांचे दिवसही एकत्र करून बाजूला लिहा. रिटर्नमध्ये हे दोन्ही आकडे विचारले जातात.

मग तीन कसोट्या लावा

मूळ नियम असा : वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर तुम्ही रहिवासी. किंवा वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल, तरीही रहिवासी. यातलं काहीच लागू होत नसेल तर अनिवासी.

ही ६० दिवसांची अट अक्षरशः लावली असती तर परदेशी नोकरी करणारा जवळपास प्रत्येक जण पहिली काही वर्षं रहिवासी ठरला असता. म्हणून भारतीय नागरिकांना दोन सवलती आहेत. पहिली, ज्या वर्षी तुम्ही नोकरीसाठी भारत सोडता, त्या वर्षी ६० च्या जागी १८२ दिवस धरायचे. दुसरी, तुम्ही परदेशातच राहता आणि भारतात फक्त भेटीला येता, तेव्हाही १८२ च. दुसऱ्या सवलतीला एक अट आहे. भारतातलं उत्पन्न, म्हणजे परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं, १५ लाखांच्या वर असेल तर १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा लागते. ही २०२० च्या अर्थसंकल्पाची देणगी. वेल्डर, ड्रायव्हर, नर्स, सुपरवायझर यांना तिचा त्रास नाही. छत्रपती संभाजीनगरात दोन-तीन दुकानं भाड्याने दिलेल्यांनी मात्र ती लक्षात ठेवावी.

त्याच वर्षी ‘मानीव रहिवासी’ हा प्रकार आला आणि आखातात एकच घबराट पसरली. भारतीय नागरिक आहे, भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर आहे आणि दुसऱ्या कुठल्याही देशात रहिवासी म्हणून करपात्र नाही, तर त्याला भारताचा रहिवासी मानायचं, असा तो नियम. गल्फमधल्या कामगाराच्या पगारावर यातून कर लावण्याचा हेतू नाही, असा खुलासा केंद्र सरकारने २ फेब्रुवारी २०२० रोजीच केला होता. शिवाय या नियमात सापडलेला माणूसही ‘सामान्यतः निवासी नसलेला’ या मधल्या वर्गात जातो आणि त्याचा परदेशी पगार करातून बाहेरच राहतो. तरी दरवर्षी फेब्रुवारीत हा मेसेज ग्रुपवर फिरतोच.

पहिलं वर्ष : घोडं इथंच पेंड खातं

समजा, वाळूजच्या कारखान्यात काम करणारा एक मेंटेनन्स फिटर १० सप्टेंबरला दोह्याला गेला. १ एप्रिलपासून १० सप्टेंबरपर्यंत त्याचे भारतात १६३ दिवस भरले. १८२ च्या आत आहे, म्हणजे तो अनिवासी. कंपनीचा एप्रिल ते सप्टेंबरचा पगार भारतात करपात्र आणि कतारचा पगार करमुक्त. इथपर्यंत ठीक.

डिसेंबरात बहिणीचं लग्न निघालं. अरबाब (मालक) चांगला होता, त्याने २० दिवसांची सुट्टी दिली. १६३ अधिक २० म्हणजे १८३. आता हा माणूस त्या वर्षापुरता पक्का रहिवासी झाला, आणि कतारमध्ये मार्चपर्यंत मिळालेला सगळा पगार भारतात दाखवणं आणि त्यावर होईल तो कर भरणं त्याला भाग पडलं. १८ दिवसांत परतला असता तर १८१ वर थांबला असता. दोन दिवसांचा खेळ.

सुट्टी नसेल तर सोपा हिशेब असा : १ एप्रिलपासून भारतातच असाल आणि २८ सप्टेंबरपर्यंत बाहेर पडलात, तर १८१ दिवस होतात. २९ सप्टेंबरला १८२ भरतात. एजंट “व्हिसा लागला की लगेच जाऊ” म्हणतो तेव्हा त्याला कराशी देणंघेणं नसतं, ते बघायचं काम आपलं. आणि ऑक्टोबर, नोव्हेंबरात जाणाऱ्याने उगाच घाबरू नये. त्या वर्षी तो रहिवासी राहील, पाच-सहा महिन्यांचा परदेशी पगार भारतातल्या उत्पन्नात मिळवेल. नव्या करप्रणालीत रहिवाशाला १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सूट मिळत असल्याने पुष्कळदा कर शून्यच निघतो. पण रिटर्न भरावं लागतं आणि परदेशातलं बँक खातं त्यात दाखवावं लागतं. ते दाखवायचं राहिलं तर काय होतं, ते पुढे सांगतो.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे नोकरी शोधणाऱ्यांनी ऑफर लेटर, लेबर कॉन्ट्रॅक्ट, पहिली पगाराची स्लिप जपून ठेवावी. ‘नोकरीसाठी गेलो’ हे सिद्ध करायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

बँकेची खाती : हे काम विमानात बसण्याआधी सुरू करा

आयकराचा रहिवास दिवसांवर, पण बँक आणि जमिनीच्या बाबतीत चालतो तो फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा. त्यात नोकरीसाठी देश सोडला की त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी. म्हणजे एकाच वर्षात आयकरात रहिवासी आणि फेमात अनिवासी, असं होऊ शकतं. यात चूक काही नाही, दोन कायदे वेगवेगळे आहेत एवढंच.

गावातल्या शाखेतलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवायचं नसतं. ते एनआरओ, म्हणजे अनिवाशाचं भारतातल्या पैशाचं खातं, करून घ्यायचं. भाडं, शेतमालाचे पैसे, जुन्या एफडीचं व्याज असं भारतातलं उत्पन्न यात जमा होतं. परदेशातून येणाऱ्या पगारासाठी वेगळं एनआरई खातं उघडा. एनआरई खात्याचं व्याज फेमाप्रमाणे अनिवासी असेपर्यंत करमुक्त आहे, आणि मूळ रक्कम व व्याज केव्हाही बाहेर नेता येतं. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि उपकर, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापते, तेही पहिल्या रुपयापासून. तालुक्याच्या शाखेत कधी कधी “एनआरई आमच्याकडे होत नाही” असं ऐकायला मिळतं. मग जिल्ह्याच्या शाखेत जा, किंवा ऑनलाइन अर्ज करा. सोय म्हणून वडिलांना ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने (तुम्ही आहात तोवर खातं तुमचं, नंतर जोडखातेदाराचं) जोडखातेदार करता येतं.

पगार आधी तिकडच्या खात्यात घ्या, मग इकडे पाठवा. मालकाने थेट भारतातल्या खात्यात पगार टाकला तर ‘पैसा पहिल्यांदा भारतातच मिळाला’ असा वाद उभा राहू शकतो. जहाजावर काम करणाऱ्या अनिवासींसाठी २०१७ च्या १३ क्रमांकाच्या परिपत्रकाने एनआरई खात्यापुरता हा वाद मिटवला. इतरांसाठी असं स्पष्ट परिपत्रक नाही. हवालाबद्दल बोलायलाच नको. दर दोन पैसे बरा मिळतो म्हणून लोक पाठवतात, आणि पाच वर्षांनी त्याच पैशातून घर बांधलं की “पैसा कुठून आला” याला कागद नसतो. मग करमुक्त पगारावरच जबर दराने कर भरायची पाळी येते.

इथलं उत्पन्न : बायकोची एफडी, भाडेकरू आणि १२ लाखांचा गैरसमज

अनिवासी झालात तरी भारतात उगवलेलं उत्पन्न भारतात करपात्रच आहे. भाडं, एनआरओचं व्याज, शेअर-म्युच्युअल फंडाचा नफा, प्लॉट विकून झालेला फायदा, सगळं.

आई-वडिलांना पाठवलेला पैसा, बायकोला घरखर्चाला पाठवलेला पैसा यावर कुणालाच कर नाही. कितीही पाठवा. वडिलांनी त्यातून एफडी केली तर व्याज वडिलांचं. पण बायकोला दिलेल्या पैशातून तिच्या नावाने एफडी केली, तर तिचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. हे आपल्याकडे सर्रास घडतं आणि सर्रास सुटतं. वाईट याचं वाटतं की तेच पैसे स्वतःच्या एनआरई एफडीत ठेवले असते तर व्याज पूर्ण करमुक्त होतं. घरच्यांची सोय बघायची असेल तर एनआरई खात्याला बायकोला जोडून घ्या, पैसा तिथेच राहू द्या.

भाड्याचं उदाहरण घेऊ. सिडकोतला फ्लॅट २०,००० रुपये महिन्याने दिला आहे. मालक अनिवासी असला तर भाडेकरूने दर महिन्याला ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, भाडं कितीही कमी असो. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं. भाडेकरू एखादी कंपनी किंवा बँक असेल तर मात्र कापला जातोच. वर्षाचं भाडं २ लाख ४० हजार, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की करपात्र १ लाख ६८ हजार. एनआरओ एफडीचं १ लाख व्याज धरा. एकूण २ लाख ६८ हजार. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे देणं शून्य. पण टीडीएस गेला भाड्यावर ७४,८८० आणि व्याजावर ३१,२०० : एकूण १,०६,०८० रुपये. रिटर्न भरलं तर हे सगळे परत, नाही भरलं तर सरकारजमा. “टॅक्स लागत नाही म्हणून रिटर्न भरत नाही” म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी अशी वर्षानुवर्षं रक्कम सोडून दिलेली असते.

आणि १२ लाखांपर्यंत कर नाही, ही बातमी अनिवासींसाठी नाहीच. ती कलम ८७अ ची सूट आहे आणि ती फक्त रहिवाशाला मिळते. भारतात १० लाखांचं करपात्र उत्पन्न असलेल्या रहिवाशाला कर शून्य, अनिवाशाला ४०,००० आणि ४ टक्के उपकर मिळून ४१,६००. गावातले रिटर्न भरून देणारे पुष्कळदा अनिवाशाचंही आयटीआर-१ (साध्या उत्पन्नाच्या रहिवाशांचा फॉर्म) भरून टाकतात, सूट घेतात, परतावाही येतो. दोन वर्षांनी नोटीस येते तेव्हा तो दुकानदार “तुम्ही सांगितलंच नाही” म्हणतो.

सातबाऱ्यावर नाव आहे त्यांच्यासाठी

शेतीचं उत्पन्न अनिवाशालाही करमुक्त आहे. सोयाबीन, कापूस, तूर, मोसंबी काहीही असो. फक्त ते ५,००० रुपयांवर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल, तर कराचा दर काढताना ते मिळवलं जातं. त्यामुळे आडतीच्या पट्ट्या टाकून देऊ नका, मोंढ्यातून येतात तशा एका पिशवीत ठेवा.

परदेशात असताना स्वतःच्या नावाने शेतजमीन, फार्महाउस किंवा बागायत विकत घेता येत नाही. फेमाची स्पष्ट मनाई आहे. जाण्याआधी घेतलेली किंवा वारसाने आलेली जमीन मात्र ठेवता येते, फेरफारात नाव लावून घेता येतं. एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, दुकान घ्यायला हरकत नाही. बापाने स्वतःच्या नावाने शेत घेतलं आणि पोराने पैसे पाठवले, यातही काही वावगं नाही. बाप रहिवासी आहे, शेतकरी आहे, पैसा भेट आहे. पोराचं नाव खरेदीखतात ‘सहखरेदीदार’ म्हणून घालू नका, एवढंच. वकील-दस्तलेखक याकडे हमखास कानाडोळा करतात.

अजून एक. पीएम-किसानचे हप्ते अनिवासींसाठी नाहीत. स्वतःच्या नावावर हप्ता चालू असेल तर बंद करून घ्या, नंतर वसुलीची नोटीस तहसीलमधून येते आणि घरच्यांना हेलपाटे पडतात.

शेत विकायचं झालं तर आधी ते ‘ग्रामीण’ आहे का, हे तपासा. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीपासून सरळ हवाई अंतर मोजतात आणि शहराची लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरून धरतात : १० हजारांवर ते १ लाखापर्यंत २ किलोमीटर, १ लाखावर ते १० लाखांपर्यंत ६ किलोमीटर, १० लाखांवर ८ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे छत्रपती संभाजीनगर ११ लाखांवर आहे, म्हणजे ८ किलोमीटर. नांदेड, लातूर, परभणी, जालना, बीड ६ किलोमीटरमध्ये येतात, हिंगोली २ मध्ये. रस्त्याने दहा किलोमीटर असलेलं शेत हवाई अंतराने सात भरतं, आणि सौद्याचं गणित बदलतं.

प्लॉट किंवा फ्लॅट विकताना टीडीएसचा फटका मोठा असतो. लातूरचा ३० लाखांना घेतलेला प्लॉट दोन वर्षांहून जास्त ठेवून ४० लाखांना विकला. नफा १० लाख, त्यावर १२.५ टक्के आणि उपकर म्हणजे १ लाख ३० हजार कर. पण विकणारा अनिवासी असल्याने घेणाऱ्याने पूर्ण ४० लाखांवर कापला, तर ५ लाख २० हजार. बाकीचे पैसे रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकले. उपाय एकच : इसारपावती झाल्या-झाल्या कमी टीडीएसच्या प्रमाणपत्रासाठी आयकर खात्याकडे ऑनलाइन अर्ज करा. वेळ लागतो, म्हणून खरेदीखताची तारीख तशी ठरवा. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या मालमत्तेसाठी महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा जो पर्याय आहे, तोही फक्त रहिवाशांना.

रिटर्न कुणाला भरावंच लागतं, आणि कसं

अनिवाशाचं भारतातलं उत्पन्न वजावटींआधी ४ लाखांवर असेल तर रिटर्न बंधनकारक. त्याखाली असलं तरी वर्षाचा टीडीएस २५,००० किंवा जास्त असेल, बचत खात्यांत मिळून ५० लाख किंवा जास्त जमा झाले असतील, तरी भरायचंच. वरच्या सिडकोच्या उदाहरणात कर शून्य असूनही रिटर्न सक्तीचं झालं, ते याच टीडीएसमुळे. यातलं काहीच नसेल, फक्त एनआरईत पैसा आणि गावाकडं शेती, तर रिटर्न नाही भरलं तरी चालतं. बँकेचं कर्ज काढायचं असेल तर शून्य रिटर्न कामाला येतं, पण ती सोय आहे, सक्ती नाही.

भरताना पोर्टलवर आधी प्रोफाइलमध्ये रहिवासाचा दर्जा ‘अनिवासी’ करा. आधार-पॅन जोडणीची सक्ती अनिवाशांना नाही, पण पोर्टलला तुम्ही अनिवासी आहात हे कळलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय दिसू शकतं आणि टीडीएस वाढतो. मोबाइल आणि ईमेल स्वतःचेच टाका. नेट कॅफेवाल्याचा ईमेल दिला तर नोटीस त्याच्या इनबॉक्सात पडून राहते. भारतातलं सिम रिचार्ज करून जिवंत ठेवा, आधारचा ओटीपी त्यावरच येतो.

मग एआयएस आणि २६एएस (तुमच्या नावावर नोंदलेलं उत्पन्न आणि कापलेला कर दाखवणारे खात्याचे तक्ते) उतरवून घ्या आणि बँकेच्या व्याजाशी ताडून बघा. धंदा नसेल तर फॉर्म आयटीआर-२. आयटीआर-१ अनिवाशाला चालत नाही. रहिवासाच्या रकान्यात दिवस, आधीच्या चार वर्षांचे दिवस आणि राहत्या देशाचं नाव येतं. परताव्यासाठी एनआरओ खातं आधी पडताळून घ्या. रिटर्न सादर केल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. ओटीपी येत नसेल तर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) बेंगळुरूला टपालाने पाठवता येतो. मुदत ३१ जुलै. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न, ५,००० रुपये शुल्कासह. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००.

भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार असलेल्या देशात राहणाऱ्याला एनआरओच्या व्याजावर कमी दर मिळू शकतो : अमिरातीसाठी १२.५ टक्के, सौदी आणि जर्मनीसाठी १० टक्के. त्यासाठी तिकडचं कर-रहिवास प्रमाणपत्र लागतं. व्याज दहा-वीस हजार असेल तर त्या प्रमाणपत्रामागे धावू नका, रिटर्न भरून परतावा घेणं स्वस्त पडतं.

जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या कर घेणाऱ्या देशात गेलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. अनिवासी वर्षांत काही अडचण नाही. पहिल्या वर्षी रहिवासी राहिलात तर तिकडे भरलेल्या कराचं श्रेय इथे मिळतं, त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. वर्षं जुळत नाहीत हे लक्षात ठेवा : जर्मनीचं जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियाचं जुलै ते जून. पगाराच्या स्लिपा महिनावार ठेवल्या तरच हिशेब लागतो. आणि आखात कायम करमुक्त राहील असंही धरू नका. ओमानने ४२,००० रियालवरच्या वार्षिक उत्पन्नावर ५ टक्के कर २०२८ पासून जाहीर केला आहे. मजुराला त्याची झळ नाही, मोठ्या पगारवाल्याला आहे.

कायमचं परत येताना

कायमचं परतणाऱ्याला ‘भेटीला आलो’ ही सवलत नाही, त्यामुळे ६० दिवसांची मूळ कसोटी पुन्हा जिवंत होते. समजा आठ वर्षं सौदीत काढलेला माणूस १५ जानेवारीला कायमचा परतला. मार्चअखेर ७६ दिवस झाले, ६० च्या वर. पण तो दरवर्षी ४५ दिवसच येत होता, म्हणजे आधीच्या चार वर्षांत १८०. ३६५ भरत नाहीत, म्हणून त्या वर्षी तो अनिवासीच. दरवर्षी साडेतीन-साडेतीन महिने गावी राहणाऱ्याचे मात्र ३६५ सहज भरतात. त्या वर्षी तो आधी गावी आला नसेल आणि त्याने परतीचं तिकीट फेब्रुवारीत (लीप वर्ष असेल तर २ फेब्रुवारी किंवा नंतरचं) काढलं, तर साठ दिवसांच्या आत राहतो.

पुढच्या वर्षी तो रहिवासी होतो, पण ‘सामान्यतः निवासी नसलेला’. आधीच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असेल, किंवा आधीच्या ७ वर्षांत ७२९ किंवा कमी दिवस भारतात असेल, तर हा दर्जा मिळतो. वरच्या माणसाला तो दोन वर्षं मिळतो. या काळात तिकडे राहिलेल्या पैशाचं व्याज किंवा भाडं इथे करपात्र नाही आणि परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरायचा नाही. एनआरई खातं मात्र परतल्यावर लगेच साधं करून घ्यायचं किंवा पैसा आरएफसी (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं) खात्यात टाकायचा. त्या दिवसापासून एनआरईची करमाफी संपते.

तिसऱ्या वर्षी पक्का रहिवासी झालात की परदेशात उरलेलं प्रत्येक खातं रिटर्नमध्ये दाखवा, शिल्लक कितीही असो, उत्पन्न असो नसो. न दाखवल्यास काळा पैसा कायदा, २०१५ खाली १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर तो दंड लागत नाही, पण दाखवायची सक्ती कायम आहे. सौदीतलं विसरलेलं पगाराचं खातं बंद करूनच विमानात बसलेलं बरं. नंतर इथून बंद करायला त्या बँका महिनोन्‌महिने लावतात.

कागदांमध्ये जुना, रद्द झालेला पासपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा, कारण वरची कसोटी दहा वर्षं मागे बघते. त्याबरोबर सगळी तिकिटं, लेबर कॉन्ट्रॅक्ट, पगाराच्या स्लिपा, पैसे पाठवल्याच्या पावत्या, एनआरई-एनआरओचे उतारे आणि भरलेली रिटर्न्स एका फाइलीत लावा, आणि तिची एक प्रत गावी अशा माणसाकडे ठेवा जो फोन उचलतो.